नवतपा आणि नेट मीटर

पाऊस, पाटाचे पाणी आणि कापसाचा भाव यांपैकी काहीही यवतमाळ जिल्ह्याला हवे तेव्हा आणि हवे तेवढे मिळत नसले, तरी ऊन मात्र जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांना अर्ज न करता, सातबारा न जोडता आणि तलाठ्याची सही न घेता मिळते, आणि त्यामुळे घराच्या छतावर सौर यंत्रणा बसवण्याची कल्पना येथील गृहस्थाला पटवून देण्यासाठी विक्रेत्याला घसा कोरडा करावा लागत नाही. मे महिन्यात ज्याने दुपारी बारा ते चार या वेळात दाराची कडी काढलेली नसते, आणि नाइलाजाने काढलीच तर डोक्याला दुपट्टा व खिशात कांदा असल्याशिवाय उंबरठा ओलांडलेला नसतो, त्याला सूर्याचे सामर्थ्य काय समजावून सांगणार? त्याचा हिशेब सरळ असतो. जितके ऊन कडक तितकी वीज अधिक, आणि उन्हाच्या कडकपणाविषयी यवतमाळ, अकोला, वर्धा आणि चंद्रपूर यांच्यात दर उन्हाळ्यात जी चुरस चालते आणि जिचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातील तापमानाच्या चौकटीत लागतो, ती लक्षात घेता आपल्या छतावर विजेचा महापूर येणार याविषयी त्याला शंका उरत नाही. हा हिशेब चुकतो. तो नेमका कोठे चुकतो हे पदार्थविज्ञानाला ठाऊक आहे, आणि चुकल्यानंतर घरात काय काय घडते हे यवतमाळच्या कोणत्याही वसाहतीत पाहता येते.

सौर यंत्रणा म्हणून छतावर जे काही चढते त्यात दोन अगदी भिन्न प्रकृतीची यंत्रे असतात, ज्यांपैकी एकाला सूर्याची उष्णता हवी असते आणि दुसऱ्याला केवळ प्रकाश, आणि घरातील निम्म्या मंडळींना यातले कोणते यंत्र आपल्याकडे आहे हे पहिली थंडी किंवा पहिले बिल येईपर्यंत नक्की सांगता येत नाही. पहिले यंत्र म्हणजे पाणी तापवणारा सौर बंब. तो येण्यापूर्वी हे काम तांब्याचा बंब करीत असे आणि त्याच्या पोटात पऱ्हाट्या जात. पऱ्हाटी म्हणजे वेचणी संपल्यावर शेतात उरणारे कपाशीचे वाळके झाड. पेरणीपासून सहा-सात महिने ते झाड ऊन साठवून त्याचे लाकूड करते आणि बंबात गेल्यावर अर्ध्या तासात ते सगळे ऊन पाण्याला देऊन टाकते, तेव्हा काटेकोरपणे पाहता तांब्याचा बंबही सौरऊर्जेवरच चालत होता. त्याला अनुदान नव्हते, एवढाच काय तो फरक, आणि धूर होता, जो घरातील स्त्रियांच्या वाट्याला येत असल्यामुळे पुरुषांनी लिहिलेल्या बंबाच्या गोड आठवणींत सहसा आढळत नाही.

नव्या सौर बंबात काचेच्या दुहेरी नळ्यांची एक तिरपी रांग असते. दोन काचांमधील हवा काढून घेतलेली असते आणि आतल्या काचेवर एक गडद लेप दिलेला असतो, जो आलेला प्रकाश शोषून घेतो पण स्वतः तापल्यावर उष्णता बाहेर फारशी सोडत नाही. निर्वात पोकळीतून उष्णता वाहून नेण्यास कोणी नसल्याने आत पाणी कढत असले तरी नळी बाहेरून हाताला थंड लागते, आणि ती हात लावून पाहणारा प्रत्येक पाहुणा यंत्र बिघडले असल्याचे यजमानाला सहानुभूतीने सांगतो. तापलेले पाणी हलके होऊन नळीतून वरच्या टाकीत चढते आणि टाकीतील थंड पाणी जड असल्याने खाली उतरते. या आपोआप चालणाऱ्या फेऱ्याला थर्मोसायफन म्हणतात आणि त्यासाठी पंप, मोटार, वीज यांपैकी काहीही लागत नाही. टाकी नळ्यांच्या वर ठेवतात ती यासाठीच, आणि जो गृहस्थ घराची शोभा बिघडते म्हणून टाकी खाली घेण्याचा आग्रह धरतो त्याला गुरुत्वाकर्षण सहकार्य करीत नाही. शंभर लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास साडेचार युनिटहून थोडी जास्त ऊर्जा लागते (एक युनिट म्हणजे १,००० वॅटचे उपकरण तासभर चालवण्यास लागणारी ऊर्जा), आणि सौर बंब हे काम छताच्या दोन-एक चौरस मीटर जागेत उरकतो. तेवढीच ऊर्जा विजेच्या रूपाने मिळवायची झाली तर एक किलोवॅटचे फलक आणि त्यांच्यासाठी सुमारे दहा चौरस मीटर छत द्यावे लागते. उष्णता पकडणे सोपे असते आणि वीज पकडणे कठीण, हा भेद पुढे अनेक कुटुंबांना महागात पडतो.

सूर्याची उष्णता पेटीत कोंडण्याची युक्ती तशी जुनी आहे. स्विस शास्त्रज्ञ ओरास-बेनेडिक्ट द सोसूर यांनी १७६७ मध्ये काच बसवलेल्या पेट्या उन्हात ठेवून आतील तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपर्यंत आणि त्याच्याही पुढे नेले होते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ मध्ये ‘क्लायमॅक्स’ नावाच्या सौर बंबाचे पेटंट घेतले, पण त्यात पाणी जेथे तापे तेथेच साठून राही, आणि त्यामुळे दुपारी कढत असलेले पाणी रात्रीत निवून सकाळी अंघोळीच्या वेळी पुन्हा जसेच्या तसे गार होई. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवण्याची जागा आणि साठवण्याची टाकी वेगळी केली, टाकीला उष्णतारोधक वेष्टण घातले आणि आपल्या बंबाचे नाव ‘डे अँड नाइट’ ठेवले. सूर्य दुपारी काम करतो आणि माणूस सकाळी अंघोळ करतो, ही अडचण बेली यांनी ओळखली होती. गेल्या शंभरहून अधिक वर्षांत सौरऊर्जेच्या क्षेत्रात जे जे शोध लागले त्यांतील बरेचसे या एकाच अडचणीभोवती फिरतात, कारण सूर्याने आपले वेळापत्रक बदललेले नाही आणि माणसानेही नाही.

यवतमाळमध्ये ही अडचण डिसेंबरात, पारा १० अंशांच्या आसपास उतरल्यावर, न्हाणीघराच्या दाराशी उभी राहते. टाकीत काल दुपारचे गरम पाणी असते हे खरे, पण टाकीपासून तोटीपर्यंतच्या नळात रात्रभर थांबलेले पाणी गार असते आणि ते आधी काढून टाकावे लागते. हे गार पाणी किती, तर छत उंच आणि न्हाणीघर लांब असेल तर बादली भरून. ज्या शहराची तहान निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर अवलंबून आहे आणि जेथे टंचाईच्या वर्षात नळाची पाळी कधी येणार हे कुळाचाराच्या तिथीइतके लक्षात ठेवावे लागते, तेथे एक बादली पाणी मोरीत सोडून देणे ही चैन मानली जाते, म्हणून ती बादली बाजूला ठेवून भांड्यांसाठी वापरण्याचा नियम होतो, आणि पहिल्या अंघोळीचा मान ज्याला मिळतो त्याच्या गळ्यात बादली उचलण्याचे कामही पडते. पुढचा प्रश्न वाटपाचा असतो. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून निघते आणि तेवढेच थंड पाणी खालून आत शिरते, त्यामुळे पहिल्या तीन अंघोळी शास्त्रोक्त गरम, चौथी कोमट आणि पाचवी बोधप्रद होते. आजोबा पाचला उठतात आणि त्यांना कढत पाण्याशिवाय चालत नाही, सासूबाईंची पूजा खोळंबते, सूनबाईंना डबा करायचा असतो, आणि जे चिरंजीव साडेआठला डोळे चोळत येतात तेच पुढे संध्याकाळभर या यंत्रात पैसे वाया गेल्याचे आकडेवारीनिशी सिद्ध करीत बसतात. बोअरचे पाणी असेल तर त्यातील क्षार नळ्यांच्या आत पांढरा थर धरतात आणि दोन-तीन हिवाळ्यांनंतर तिसरी अंघोळही कोमटात मोडू लागते, पण ही प्रक्रिया इतकी मंद असते की घरातील प्रत्येक जण तिचा दोष दुसऱ्याच्या जास्त पाणी वापरण्याला देतो.

उन्हाळ्यात हेच यंत्र आपल्या कर्तृत्वाच्या शिखरावर पोहोचते आणि नेमके तेव्हाच ते कोणालाही नको असते. मे महिन्यात छतावरील काळ्या प्लास्टिकच्या साध्या टाकीतून येणारे पाणीच दुपारी हाताला चटका देते, आणि त्यामुळे यवतमाळमधील सर्वांत स्वस्त, सर्वांत विश्वासू आणि कोणीही न मागितलेला सौर बंब हा त्या टाकीला म्हणावे लागते. लोक पहाटे उठून रात्रीत निवलेले पाणी अंघोळीला घेतात आणि न्हाणीघरात माठातले पाणी घालून ते आणखी निववतात. मधल्या काळात खरा सौर बंब वापराविना उकळत राहतो, त्याच्या हवेच्या नळीतून वाफा निघतात, आणि अखेर घरातील कोणी तरी जुनी ताडपत्री किंवा पोती आणून त्या नळ्यांवर टाकते व वाऱ्याने उडू नयेत म्हणून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवते. सूर्याची ऊर्जा पकडण्यासाठी घेतलेल्या यंत्राला सूर्यापासून वाचवण्यासाठी सावली करावी लागते, आणि तीही वर्षातील सर्वांत तळपत्या महिन्यात.

दुसरे यंत्र म्हणजे प्रकाशापासून थेट वीज करणारा सौर फलक, ज्याला बोलण्यात पॅनेल म्हणतात. वाळूत विपुल असलेले सिलिकॉन शुद्ध करून त्याच्या पातळ चकत्या कापतात आणि चकतीच्या एका थरात फॉस्फरसचा व दुसऱ्यात बोरॉनचा किंचित अंश मिसळतात. त्यामुळे पहिल्या थरात मोकळ्या इलेक्ट्रॉनांची चंगळ होते, दुसऱ्यात टंचाई होते, आणि दोघांच्या सीमेवर एक विद्युतक्षेत्र उभे राहते. प्रकाशाचा कण आदळून एखादा इलेक्ट्रॉन सुटला की हे क्षेत्र त्याला एकाच बाजूला ढकलते आणि परत आपल्या जागी येण्यासाठी त्याला तारेतून, म्हणजे घरातील पंख्या-दिव्यांतून, फेरी मारून यावे लागते. एका चकतीला, म्हणजे एका घटाला, अर्ध्या व्होल्टहून थोडा जास्त दाब मिळतो, म्हणून असे अनेक घट एकापुढे एक जोडून फलक करतात. ही वीज एकाच दिशेने वाहणारी असते आणि घरातील उपकरणांना सेकंदाला ५० फेरे घेणारी प्रत्यावर्ती वीज लागते, म्हणून मध्ये इन्व्हर्टर नावाचा दुभाष्या बसवावा लागतो. प्रकाशाने वीज निर्माण होते हे फ्रान्सच्या एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये पाहिले होते, कामाचा सिलिकॉन घट मात्र अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला आणि तो आलेल्या प्रकाशातील सुमारे ६ टक्के ऊर्जेची वीज करी. आज बाजारात मिळणारे फलक २० ते २२ टक्क्यांपर्यंत पोहोचले आहेत.

यवतमाळकराचा हिशेब येथे बिनसतो. फलकावर छापलेली क्षमता, समजा ५४० वॅट, ही प्रयोगशाळेत घटाचे तापमान २५ अंश असताना मोजलेली असते, आणि २५ अंश हे तापमान मे महिन्यातील यवतमाळच्या छतावर पहाटेच्या वेळीही सापडणे कठीण. सिलिकॉनला प्रकाश आवडतो पण उष्णता सोसत नाही, कारण घट तापला की त्याच्या दोन टोकांमधील विद्युतदाब घसरतो, आणि दर अंशामागे वीजनिर्मिती साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. बाहेर ४४ अंश असताना काळाभोर फलक ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतो, म्हणजे मोजणीच्या तापमानापेक्षा ४० ते ४५ अंश वर जातो, आणि त्याच्या कमाईतील सातवा हिस्सा निव्वळ उकाड्यात विरघळतो. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यापासून, म्हणजे २५ मेच्या सुमारास, सुरू होणाऱ्या ज्या नऊ दिवसांना विदर्भात नवतपा म्हणतात त्या दिवसांविषयी फलकाचे मत येथील रहिवाशांपेक्षा वेगळे नाही. यवतमाळचे अक्षांश २०.४ च्या आसपास असल्याने २० मे उलटल्यावर एक-दोन दिवसांत सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली खांबाखालीच नाहीशी होते. तो पुन्हा जुलैच्या २० तारखेच्या सुमारास डोक्यावर येतो, पण तेव्हा वर ढग असल्याने त्याची कोणी दखल घेत नाही. अशा तळपत्या मेमध्ये गृहस्थ मोबाइलवर दिवसाची निर्मिती पाहतो आणि फेब्रुवारी-मार्चमधील एखाद्या स्वच्छ, वाऱ्याच्या, अंगावर पातळ स्वेटर असलेल्या दिवसाने तेवढीच किंवा त्याहूनही जास्त वीज दिल्याचे त्याच्या लक्षात येते, तेव्हा वर्तमानपत्रातील तापमानाच्या चौकटीवरून त्याचा विश्वास उडतो.

फलक बसवण्याची दिशा हा घरातील दुसरा तंटा. भारत उत्तर गोलार्धात असल्याने वर्षातील बहुतेक काळ दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि म्हणून फलकाचे तोंड दक्षिणेला व त्याचा उतार स्थानिक अक्षांशाएवढा, म्हणजे येथे २० अंशांच्या जवळपास, ठेवणे फायद्याचे असते. परंतु दक्षिण ही यमाची दिशा आहे, ज्या घराने प्लॉट घेताना दक्षिणमुखी दार टाळण्यासाठी रुंद रस्ता सोडून बोळ पत्करला त्याच घराच्या डोक्यावर सहा फलक यमाकडे टक लावून बसणार, ही गोष्ट ज्येष्ठांना सहज पचत नाही. वास्तुशास्त्राची खरी अडचण मात्र त्याहून पुढची आहे. वास्तुतज्ज्ञाच्या सल्ल्यानुसार पाण्याची जड टाकी नैर्ऋत्येला, म्हणजे दक्षिण आणि पश्चिम यांच्या मध्ये, बसवलेली असते, आणि दुपारनंतर सूर्यही त्याच कोपऱ्यात जात असल्याने टाकीची सावली तिरपी होऊन थेट फलकांवर पडते. फलकातील घट एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे, पाटाच्या पाण्यात एकच ढेकूळ अडकले तरी खालचे सगळे वाफे कोरडे राहावेत तसे, एका कोपऱ्यातील सावली बऱ्याच मोठ्या भागाची वीज अडवते. यावर उपाय म्हणून फलकात बायपास डायोड नावाचे छोटे वळणरस्ते बसवलेले असतात, जे सावलीतला भाग वगळून प्रवाह पुढे नेतात, तरीही वगळलेल्या भागाची कमाई बुडते ती बुडतेच. तंत्रज्ञ टाकी हलवायला सांगतो, वास्तुतज्ज्ञ फलक हलवायला सांगतो, आणि दोघांचीही फी दिलेली असल्याने घरमालक दोघांचेही म्हणणे पटल्याचे सांगतो.

वस्तुतः विदर्भातील छत हे सौरऊर्जेच्या आगमनापूर्वीपासूनच सौरऊर्जेचे केंद्र होते. एप्रिल-मेमध्ये तेथे कुरडया, मुगवड्या, साबुदाण्याच्या पापड्या, वर्षभराच्या मिरच्या आणि हळकुंडे वाळत, रात्री त्याच जागी बाजा टाकून सगळे घर झोपे, आणि या व्यवस्थेविषयी तक्रार आल्याचे ऐकिवात नाही. फलकांनी या भूमीवर दावा सांगितल्यावर घरोघरी तह झाले. काहींनी लोखंडी सांगाडा सात-आठ फूट उंच करून फलक वर चढवले व खालची जागा वाळवणाला ठेवली, पण फलकांखाली सावली असते आणि सावलीत कुरडई वाळत नाही, ही बाब सांगाड्याचे पैसे देऊन झाल्यावर गृहिणीने निदर्शनास आणली. बाजांना मात्र ती सावली मानवली, कारण उन्हाने तापलेली गच्ची रात्री उशिरापर्यंत निवत नाही आणि फलकांखालची निवते. उंच सांगाड्यावर वानरांची टोळी येऊन बसते आणि फलकाचा उतार घसरगुंडी म्हणून तपासून पाहते. काच कणखर असते, तिची चाचणी २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा सेकंदाला २३ मीटर वेगाने मारून घेतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमधील साधी गारपीट ती सोसते. वानराच्या उडीची प्रमाणित चाचणी अद्याप कोणी ठरवलेली नाही. त्यातच रस्त्यावरची धूळ आणि जिनिंगच्या हंगामात उडणारे कापसाचे तंतू फलकांवर बसतात व प्रकाश अडवतात. फलक सकाळी लवकर, ते तापण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावेत असे सांगितले जाते, आणि हे काम कोणाचे या प्रश्नावर कुटुंबात जी शांतता पसरते ती पहिला पाऊस येईपर्यंत टिकते.

एवढे सगळे जमून आल्यावर एका रणरणत्या दुपारी, फलक भरात असताना, लाइन जाते आणि सौर घरातील पंखे शेजारच्या बिनसौर घरातील पंख्यांबरोबरच थांबतात. या प्रसंगाइतके गृहस्थाच्या प्रतिष्ठेला धक्का देणारे दुसरे काही नसते. बाजेवर पडलेल्या आजी वर बोट करून विचारतात, “वरतं एवढं ऊन तापून राह्यलं, अन् पंखा काहून बंद हाय गा?” नातू म्हणतो, “आजी, लाइन गेली.” त्यावर, “मंग वरतं ते कायले बसवलं?” हा जो दुसरा प्रश्न येतो त्याचे उत्तर नातवाकडे नसते, विक्रेत्याने ते छोट्या अक्षरांत दिलेले असते, आणि ते असे आहे. अनुदानातून बसवलेली बहुतेक घरगुती यंत्रणा ही महावितरणच्या तारांशी जोडलेली असते. तिचा इन्व्हर्टर स्वतःचा ताल धरत नाही, तर बाहेरून येणाऱ्या विजेचा दाब व तिचे सेकंदाला ५० फेरे पाहून त्यांच्याशी आपली वीज जुळवतो. बाहेरचा ताल थांबला की दोन सेकंदांच्या आत तो स्वतःला बंद करून घेतो, आणि ही सक्ती जाणूनबुजून केलेली आहे, कारण लाइन गेली म्हणून निर्धास्तपणे खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताखालच्या तारेत एखाद्या छतावरून वीज सोडली जात असेल तर त्याच्या जिवावर बेतेल. कारण अगदी रास्त आहे, तरी आजींना ते पटत नाही, आणि लाइन गेलेल्या खोलीत रास्त कारणाने वारा येत नाही हेही खरे. ज्यांना अशा वेळीही पंखा हवा असतो ते बॅटरीसह चालणारा संकरित इन्व्हर्टर घेतात, त्यासाठी आणखी पैसे मोजतात, आणि मग लाइन जाण्याची वाट पाहू लागतात.

रोजच्या व्यवहारात या यंत्रणेचे हृदय म्हणजे नेट मीटर, जे घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली अशा दोन्ही विजा वेगवेगळ्या मोजते आणि महिनाअखेरीस त्यांची वजाबाकी करू देते. सूर्य दुपारी वीज देतो आणि कुटुंब ती संध्याकाळी सात ते अकरा वापरते, या तिढ्यावर काढलेला हा तोडगा आहे. दुपारची जादा वीज तारेतून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते आणि रात्री तेवढीच परत मिळते, जी बहुधा कोळशावर चालणाऱ्या केंद्रातून आलेली असते. वणीच्या खाणींतला कोळसाही अशाच केंद्रांसाठी निघतो, आणि तो म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या झाडांनी जमिनीत पुरून ठेवलेले ऊनच असल्याने, दिवसा ताजे ऊन देऊन रात्री शिळे घेण्याचा हा सौदा आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले, आणि एक किलोवॅटला दिवसाकाठी चार युनिट या सरासरीने तीन किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतात, जे सामान्य घराला पुरून उरावेत. ते उरत नाहीत याचे कारण विद्युतशास्त्रात सापडणार नाही. वीज फुकट आहे म्हटल्यावर दुपारी इस्त्री निघते, मिक्सरवर शेजारच्या काकूंचाही मसाला होतो, बंद पडलेला जुना फ्रिज दुरुस्त होऊन आजोबांच्या खोलीत जातो, आणि वर्षाच्या आत दीड टनाचा एसी येतो, जो तीन किलोवॅटच्या यंत्रणेतील निम्मी शक्ती एकटा खाऊ शकतो. बिल तरीही शून्य होत नाही, कारण त्यात वापरावर अवलंबून नसलेला स्थिर आकार असतोच, आणि तो पाहून ‘मोफत’ या शब्दावर जी चर्चा होते तिला पानटपरीवर चांगली गर्दी जमते.

या साऱ्याहून विदर्भाला बोचणारी गोष्ट दिनदर्शिकेत दडलेली आहे. महाराष्ट्रातील नियमांनुसार नेट मीटरवर साचत गेलेली शिल्लक ३१ मार्चपर्यंतच पुढे नेता येते. त्या दिवशी जे युनिट उरतात ते महावितरण घरगुती दरापेक्षा पुष्कळ कमी दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. आर्थिक वर्षाची ही रचना ज्यांनी केली त्यांच्या डोळ्यांपुढे कुलर नसावा. यवतमाळमध्ये दिवाळीनंतर पंखाही फिरत नाही, आकाश निरभ्र असते, फलक गार असतात, आणि नोव्हेंबर ते मार्च युनिटांची शिल्लक कापसाच्या गंजीप्रमाणे वाढत जाते. एप्रिलात कुलर माळ्यावरून उतरतो, त्याला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, एसी सुरू होतो, आणि या खर्चासाठी जपून ठेवलेली पुंजी बरोबर आदल्या दिवशी मातीमोल भावाने गेलेली असते. ज्यांच्या हे एकदा लक्षात आले आहे त्यांच्या घरी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच, बाहेर सकाळी अजून गारवा असताना, कुलर पूर्ण वेगाने सुरू होतो. आजोबा मफलर बांधून त्याच्यासमोर बसतात, घरमालक मोबाइलवर उरलेले युनिट पाहून दुसऱ्या खोलीतला कुलरही लावायला सांगतो, आणि सूनबाई मुलांना स्वेटर घालतात.